ज्यांच्या लॅबमधून अँटिबायोटिक आलं, ते सुब्बाराव गेले आणि औषध कोंबड्यांच्या खाद्यात पोहोचलं

परभणीतल्या एखाद्या गोठ्यात म्हशीला कासदाह, म्हणजे दगडी झाली की अनेकदा अँटिबायोटिक द्यावं लागतं. जनावरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्समध्ये टेट्रासायक्लिन गटाचं नाव वर आहे. या गटातलं पहिलं औषध एका भारतीय माणसाच्या देखरेखीखाली सापडलं होतं. त्यांचं नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात

सुब्बाराव यांचा जन्म 1895 मध्ये आंध्रातल्या भीमावरमचा. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे गांधीजींच्या प्रभावाखाली ते खादीचा सर्जिकल गाऊन घालू लागले. इंग्रज प्राध्यापकांना हे रुचलं नाही आणि सुब्बारावांना एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस पदवी मिळाली.

संग्रहणीसारख्या आजाराने त्यांचे भाऊ गेले होते. आजारांवर औषध शोधायचं या ध्यासाने ते अमेरिकेत हार्वर्डला पोहोचले. पोट भरण्यासाठी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीची हलकी कामं केली. तिथेच सायरस फिस्के यांच्यासोबत फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. शरीराला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीवरही काम केलं. तरीही हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही.

लेडरलीतली वर्षं

1940 मध्ये ते लेडरली या औषध कंपनीत गेले आणि लवकरच संशोधन विभागाचे प्रमुख झाले. फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करणं, कॅन्सरवरचं मेथोट्रेक्सेट आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांमधलं डीईसी ही त्यांच्या टीमची कामगिरी.

याच लॅबमध्ये बेंजामिन डग्गर यांना मातीतल्या एका जिवाणूपासून सोनेरी रंगाचं औषध मिळालं. त्याचं नाव ऑरिओमायसिन. एकच औषध अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालायचं. 1948 मध्ये ते जगासमोर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, सुब्बाराव गेले.

मग झालं काय?

ऑरिओमायसिन बनवताना मागे चोथा उरायचा. त्यात बी-12 जीवनसत्त्व असल्याने लेडरलीच्याच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी तो कोंबडीच्या पिलांना खाऊ घातला. पिलं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. कारण होतं चोथ्यात उरलेलं अँटिबायोटिक. 1950 मध्ये ही बातमी बाहेर आली. 1951 मध्ये अमेरिकेने पशुखाद्यात अँटिबायोटिक मिसळायला परवानगी दिली, तीही प्रिस्क्रिप्शनशिवाय.

आजारी नसलेल्या जनावरालाही रोज थोडं थोडं औषध मिळू लागलं. या कमी मात्रेत कमकुवत जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात. प्रतिकाराची जनुकं ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. शेण, पाणी, मांस आणि गोठ्यात काम करणारी माणसं यांच्यामार्फत हे जिवाणू घरापर्यंत येतात.

ब्रिटनच्या स्वान समितीने 1969 मध्येच याचा इशारा दिला. युरोपियन युनियनने वाढीसाठी अँटिबायोटिक देणं 2006 पासून पूर्ण बंद केलं. भारताने 2019 मध्ये खाद्य देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण माणसासाठी ते शेवटच्या फळीतलं औषध आहे.

आपण काय करायचं?

आजारी जनावरावर उपचार करायलाच हवेत. चूक होते ती मनाने इंजेक्शन आणून देण्यात, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स सोडण्यात आणि उपचार चालू असलेल्या म्हशीचं दूध डेअरीला घालण्यात. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही हे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर भारतीय नियमानुसार दूध-अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस थांबायचं. दूध उकळल्याने त्यातलं औषध जाईलच असं नाही.

दगडी पुन्हा पुन्हा होत असेल, तर दुधाचा नमुना तपासून कोणतं औषध लागू पडेल हे पशुवैद्यकांना ठरवता येतं. परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

सुब्बारावांचं आयुष्य माणसं वाचवणारी औषधं शोधण्यात गेलं. गोठ्यात आणि पोल्ट्रीत ती जपून वापरली, तरच दवाखान्यात आपल्या माणसाला लागू पडतील.