पडद्याला वाचा देणारा माणूस : अर्देशीर इराणी

भक्त प्रल्हादाची कथा आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. आजीच्या मांडीवर बसून ती आपण ऐकलेली असते. हिरण्यकश्यपूचा क्रोध, कयाधूची घालमेल, खांबातून प्रकट झालेला नरसिंह, हे सारे आपल्या मनावर कायमचे कोरलेले असते. परंतु हीच कथा तेलुगू भाषेतील पहिल्या बोलपटाचा विषय होती, तो बोलपट आंध्रात नव्हे तर मुंबईत तयार झाला आणि त्याचा निर्माता पुण्यात जन्मलेला एक पारशी गृहस्थ होता, हे किती जणांना ठाऊक असेल? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या काठी सिरोंचाकडे आणि इकडे राजुऱ्याच्या बाजूला, तेलुगू ही घरातली भाषा आहे. तेव्हा या गृहस्थाची ओळख आपण करून घेतलीच पाहिजे. त्यांचे नाव अर्देशीर इराणी.

अर्देशीर यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात झाला. पुढे त्यांचे आयुष्य मुंबईत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी सिनेमा ही वस्तू या देशात अगदी नवी होती. मैदानात तंबू ठोकून, पांढऱ्या कापडावर हलती चित्रे दाखवली जात. अब्दुल्लअली युसुफअली नावाचे एक धाडसी गृहस्थ असाच तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत फिरून आले होते. या युसुफअलींची आणि अर्देशीर यांची भागीदारी जमली. १९१४ साली दोघांनी मुंबईचे अलेक्झांड्रा चित्रपटगृह घेतले आणि पुढे गिरगावात मॅजेस्टिक उभे केले. त्यांची ही भागीदारी दीर्घकाळ टिकली.

दुसऱ्यांनी काढलेली चित्रे दाखवून अर्देशीर यांचे समाधान होईना. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढून वाट दाखवली होती. त्या वाटेने जाण्याची अर्देशीर यांना ओढ लागली. १९२२ साली भोगीलाल दवे यांच्यासह त्यांनी स्टार फिल्म कंपनी काढली. तिचा ‘वीर अभिमन्यू’ हा मूकपट त्याच वर्षी आला. जरथुष्ट्राच्या धर्मात वाढलेल्या या माणसाने महाभारतातल्या कथेला हात घातला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रेक्षक कोणत्या कथेवर प्रेम करतो, हे त्यांना नेमके कळत होते. आणखी एक-दोन कंपन्यांचा अनुभव घेऊन १९२६ साली त्यांनी इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. सुलोचना, झुबेदा, जाल मर्चंट असे त्या काळचे नामांकित कलावंत तिथे काम करीत. पुढे थोर दिग्दर्शक झालेले मेहबूब खान यांनीही आपल्या उमेदवारीच्या काळात इंपीरियलमध्ये किरकोळ भूमिका केल्या.

अशा रीतीने मूकपटांचा धंदा जोरात चालला असताना ‘शो बोट’ हा अमेरिकेत तयार झालेला, काही भागच बोलका असलेला चित्रपट अर्देशीर यांच्या पाहण्यात आला. आपल्या देशातही पडदा बोलला पाहिजे, या विचाराने त्यांना झपाटले. कलकत्त्याच्या मादन कंपनीचीही तीच खटपट चालू होती. म्हणून सारे काम गुप्तपणे करावे लागले. यंत्रसामग्री परदेशातून आली. ती जुळवून देण्यासाठी विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकी तंत्रज्ञ आला. त्याचा रोजचा मेहनताना परवडेना, तेव्हा अर्देशीर आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी त्याच्याकडून ध्वनिमुद्रणाची विद्या शिकून घेतली व पुढचे काम स्वतःच्या हाती घेतले. कंपनीचा मालक स्वतः कानाला यंत्र लावून बसला आहे, असे ते दृश्य असे.

अडचणी काय थोड्या होत्या? स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून. गाड्यांचा खडखडाट थांबेपर्यंत चित्रण करता येत नसे. म्हणून मध्यरात्र उलटल्यावर, शेवटची गाडी गेली की काम सुरू होई आणि पहाटेच्या पहिल्या गाडीपूर्वी आटोपावे लागे. आवाज नंतर भरण्याची सोय नव्हती. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी टिपले जात. माइक पात्रांच्या आसपास लपवून ठेवीत आणि तबला-पेटीवाले पडद्यावर दिसू नयेत अशा आडोशाला बसून साथ करीत. या कष्टांतून तयार झालेला ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानी भाषेतला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये झळकला. मास्टर विठ्ठल, झुबेदा आणि पृथ्वीराज कपूर त्यात होते. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना विकले गेले.

इथवरची कथा बहुतेक चरित्रग्रंथांत सापडते. अर्देशीर यांचे खरे मोठेपण मला त्यापुढच्या कामात दिसते. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. मुंबईचे चित्र मद्रासेलाही चाले आणि लाहोरलाही. पडदा बोलू लागला आणि लगेच प्रश्न उभा राहिला, तो कोणत्या भाषेत बोलणार? एका भाषेत यश मिळाले, तीच भाषा सर्वांनी समजून घ्यावी, असे म्हणून ते स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. ‘आलम आरा’ नंतर अवघ्या काही महिन्यांत, ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी, त्यांचा ‘कालिदास’ मद्रासेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते त्यांचेच सहकारी एच. एम. रेड्डी. या चित्रपटात तमिळ आणि तेलुगू या दोन्ही भाषा कानी पडत. तो तमिळमधला पहिला बोलपट मानला जातो.

त्या पाठोपाठ, संपूर्ण तेलुगू असा बोलपट करायचे ठरले. कथा निवडली प्रल्हादाची. धर्मवरम रामकृष्णमाचार्युलु यांचे या कथेवरचे नाटक तेलुगू रंगभूमीवर गाजत होते. दिग्दर्शन पुन्हा रेड्डींकडेच सोपवले. नट मात्र कोठून आणायचे? तेव्हा आंध्रातून सुरभी नाटक मंडळीच्या कलावंतांना मुंबईस बोलावण्यात आले. सुरभी कमलाबाई यांनी प्रल्हादाच्या आईची भूमिका केली. तेलुगू परंपरेत तिचे नाव कयाधू नसून लीलावती आहे. मुनिपल्ले सुब्बय्या हिरण्यकश्यपू झाले. एल. व्ही. प्रसाद हे पाठशाळेतल्या एका मंदबुद्धी शिष्याच्या छोट्या भूमिकेत होते. हेच प्रसाद ‘आलम आरा’ व ‘कालिदास’मध्येही होते आणि पुढे १९८२ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी ठरले. इंपीरियलच्या स्टुडिओत सुमारे तीन आठवड्यांत ‘भक्त प्रह्लाद’चे चित्रण पुरे झाले.

या सुरभी मंडळीची एक हकीकत आपल्याला विशेष वाटावी अशी आहे. १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातील सुरभी या गावी या मंडळींनी पहिले नाटक केले, म्हणून हे नाव. घरातली आजी, सून, नातवंडे सर्वांनी मिळून नाटक करायचे, अशी त्यांची रीत. ही कुटुंबे मूळची मराठी. मराठ्यांच्या फौजांबरोबर दक्षिणेत गेली आणि तिथलीच झाली. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करता करता ती नाटकाकडे वळली. घरात मराठीची एक बोली आणि रंगमंचावर अस्सल तेलुगू, असा त्यांचा संसार. म्हणजे तेलुगू बोलपटाचा पहिला उच्चार मुंबईत, पारशी निर्मात्याच्या स्टुडिओत, मूळच्या मराठी घराण्यांतल्या नटांच्या साहाय्याने झाला. भाषा कोणा एकाच्या मालकीची नसते याला याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

या चित्रपटाच्या तारखेविषयी बरीच वर्षे घोटाळा होता. १५ सप्टेंबर १९३१ ही तारीख सर्वत्र सांगितली जाई. पत्रकार रेंटाला जयदेव यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा सेन्सॉरचे प्रमाणपत्र २२ जानेवारी १९३२ चे निघाले. प्रदर्शनाची तारीख त्यामुळे ६ फेब्रुवारी १९३२ आणि स्थळ मुंबईचे कृष्णा चित्रपटगृह, असे आता निश्चित झाले आहे. गिरणीत, बांधकामावर राबणारी तेलुगू माणसे मुंबईत पिढ्यान् पिढ्या राहत आली होती. कामाठीपुरा हे नावही त्यांच्यामुळेच पडले. संपूर्ण तेलुगू बोलपट ऐकण्याचा पहिला मान या कष्टकऱ्यांच्या शहराला मिळाला. आणि १९३२ च्या त्याच आरंभीच्या दिवसांत मॅजेस्टिकमध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ लागला होता. मराठी बोलपट आणि तेलुगू बोलपट ही जणू एकाच आळीत जन्मलेली भावंडे, आणि दोघांच्याही तोंडी पहिली कथा पुराणातलीच.

अर्देशीर एवढ्यावर थांबले नाहीत. १९३३ साली अब्दुलहुसेन सेपंता यांच्या साहाय्याने त्यांनी ‘दुख्तरे लोर’ हा फारसी भाषेतला पहिला बोलपट मुंबईत काढला. नायिकेचे काम करणाऱ्या रुहअंगीझ यांची बोली केरमान भागाची होती. तेहरानच्या प्रतिष्ठित वळणात ती बसेना. तेव्हा त्यांना बाजूला सारण्याऐवजी, ती बोली शोभेल अशी कथेतच दुरुस्ती करण्यात आली. हा चित्रपट तेहरानमध्ये अतिशय लोकप्रिय झाला. १९३७ साली आलेला त्यांचा ‘किसान कन्या’ हा भारतातच प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट. पण रंगाचा खर्च भारी होता आणि प्रेक्षकांनी हवा तसा प्रतिसाद दिला नाही. १९३८ साली इंपीरियल कंपनी बंद पडली. १९४५ च्या ‘पुजारी’ नंतर ते चित्रपटसृष्टीतून बाजूला झाले. दीडशेहून अधिक चित्रपट नावावर असलेला हा माणूस १४ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत कालवश झाला.

काळाचा खेळ असा, की ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि ‘भक्त प्रह्लाद’चीही नाही. काही छायाचित्रे, जाहिराती आणि कागद तेवढे मागे उरले. ज्याने पडद्याला वाचा दिली, त्याच्याच चित्रांचा आवाज कायमचा विरून गेला.

मग या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या झाडीपट्टीत मंडई भरली की रात्ररात्र नाटक चालते, दंडार आणि खडी गंमत रंगते. तिथे आपली बोली निःसंकोचपणे बोलली जाते. पण महाविद्यालयाच्या पायरीवर आलो की ती बोली ओठांतच राहते. कोणाच्या घरी गोंडी आहे, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी झाडीबोली. वर्गात सगळेच पुस्तकी मराठीच्या आड लपतात, आणि कोणी घरचा शब्द बोलून गेलाच तर हशा पिकतो. तेलुगू ही अर्देशीर इराणी यांची भाषा नव्हती. तरी त्या भाषेची माणसे त्यांनी सन्मानाने बोलावली, साधने त्यांच्या हाती दिली आणि स्वतः ऐकायला बसले. परक्या भाषेसाठी एक माणूस एवढे करू शकला. आपण निदान शेजारी बसलेल्या मित्राची बोली न हसता ऐकून घेतली, तरी त्या थोर पुरुषाच्या ऋणातून थोडेसे मोकळे झाल्यासारखे होईल.