गाव सोडलेल्या माणसाचे मन

प्रवासाने मन ताजेतवाने होते, असे आपण सहज म्हणतो. पण जागा बदलली म्हणजे मन बदलते का? बँकेच्या बदल्यांनी मला बरीच गावे दाखवली. प्रत्येक ठिकाणी पहिले काही आठवडे नवलाईचे. मग आपले जुनेच मन पुन्हा समोर उभे! अशा वेळी मला आमच्या बांद्याच्या हद्दीपलीकडचे, गोव्याचे धर्मानंद कोसंबी आठवतात.

साखवळ गावी १८७६ साली जन्म. शाळा जेमतेम, लग्न लहान वयात, वाट्याला नारळाची बागायत. संसारात जीव रमेना. ‘बालबोध’ मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि त्या उदासीला एक दिशा मिळाली. १८९९च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

पुण्यात संस्कृतचा श्रीगणेशा झाला. काशीत अन्नछत्रात जेवून अध्ययन चालले. बौद्ध धर्म शोधीत १९०२ साली ते नेपाळात पोहोचले. पण तिथली त्याची अवस्था पाहून निराश झाले. हौशी प्रवासी इथूनच घरी परतला असता. कोसंबी मात्र बुद्धगयेमार्गे सिंहलद्वीपात गेले, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी मनाची तगमग लपवलेली नाही. त्यांना सावरले ते नव्या मुलखांनी नव्हे, तर हाती घेतलेल्या विद्येने. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. हा ग्रंथ चित्त स्थिर करण्याचा मार्ग सांगणारा! एकेकाळी घरात ज्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते, त्याच्याच हाती तो आला.

आणि हा माणूस गावाला कायमचा पारखा झाला नाही. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी तो आमच्या शिरोड्याला आला. १९४७ साली सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला.

म्हणून मला वाटते, प्रवास हे औषध नव्हे, अनुपान आहे. बरोबर एखादा खरा प्रश्न असेल तरच ते लागू पडते. मात्र या औषधाची किंमत नेहमी प्रवासीच भरतो असे नाही. कोसंबी पुन्हा घरी आले ते सुमारे सात वर्षांनी. ती सात वर्षे बाळाबाईंनी त्यांच्यावाचून काढली. त्यांच्या मनाचा प्रवास केवढा झाला असेल, याचाही विचार आपण करायला हवा.