दिवेलागणीचा अभंग

1988 सालची गोष्ट. मी तेव्हा शहाद्याला बँकेत होतो. कर्जाच्या कागदपत्रांसाठी तोरणमाळला गेलो आणि बोलण्याच्या नादात परतीची शेवटची गाडी चुकवली. त्या काळी तोरणमाळ धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा झाला तो 1998 मध्ये. सातपुड्याच्या माथ्यावर साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवरचे ते गाव. सूर्य कलला की यशवंत तलावावरून अंगाला झोंबणारा वारा सुटतो. नगरकडून बदलून आलेल्या एका शिक्षकांनी मला त्या रात्री घरी ठेवून घेतले.

दिवेलागणीला त्यांची आई भिंतीला टेकून बसली. सुनेने पेटी पुढे ओढली, दोन मुलांनी टाळ घेतले आणि अभंग सुरू झाला. चाल माझ्या आजीच्या तोंडची. मी नकळत मांडीवर ताल धरला. तुकोबांचाच अभंग, असे मनाशी म्हणेपर्यंत त्यात ख्रिस्ताचे नाव आले आणि माझा हात जागीच थांबला. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, पण एकामागून एक पदे तिला मुखोद्गत होती. ती पदे टिळकांची, असे मला सांगण्यात आले. टिळक म्हणजे अर्थात लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक.

फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेच्या पुस्तकात भेटलेलो असतो. 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईला कवितेची गोडी होती, पण तिचे छत्र लवकर हरपले. पुढे नाशकात संस्कृताचे अध्ययन झाले. जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी पत्नी म्हणून घरात आली. याच आपल्या ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई. टिळकांचा स्वभाव मोठा भिरभिरता. नोकरी धरावी, सोडावी, बिऱ्हाड मोडावे, पुन्हा मांडावे, असे चालले होते.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. ज्या श्रद्धेने टिळकांना शांती दिली, तिनेच त्यांचे घर दुभंगले. आयुष्यभर घराघरांत गाणे पोचवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर त्या काळात मुके होते, हे विसरून त्यांचे चरित्र वाचता येत नाही.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आल्या. आल्या त्या आपले सोवळेओवळे घेऊन. स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते ठेवू दिले. पुढे जातपात देवाने केलेली नाही, असे लक्ष्मीबाईंना विचाराअंती आपले आपणच पटले आणि नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी या एका बाबतीत धीर धरला, आणि मला वाटते, तिथेच त्यांची पुढची वाट ठरली.

तोवर मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून उतरवलेली होती. चाली विलायती, शब्द मराठी. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण व्हायची. नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तिचा टिळकांनी राजमार्ग केला. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. मग मुलांना तरी दुसऱ्या वाटेने का न्यावे?

अभंगाची रचनाच पाहा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार तुकडे. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे यमक जुळते, चौथा आखूड तुकडा श्वास घ्यायला सवड देतो. तीन वर्षांच्या पोराला अर्थ कळायच्या आधी तो पाठ होतो. त्याला पुस्तक लागत नाही, ऑर्गन लागत नाही. भाकरी थापताना, पाळणा हलवताना आई तो म्हणू शकते. देऊळ असो वा चर्च, मूल तिथे आठवड्यातून एकदा जाते. आईच्या कुशीत ते रोजच असते.

टिळकांच्या घरी अनाथ मुले वाढली. आमच्या खानदेशचे बालकवी ठोंबरेही तिथे राहिले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्या कोवळ्या मुलाची प्रतिभा हेरली होती. लेकरासारखे त्या घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले. त्या घरात गाणे सर्वांसाठी होते, सक्ती कुणालाच नव्हती.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली, साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. वेगळी चूल मांडणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने चौसष्ट अध्याय रचले. ज्या दत्तूला पोटाशी धरून त्या एकट्या राहिल्या होत्या, त्याच देवदत्ताने त्यांच्याकडून आठवणी लिहवून घेतल्या. पुढे नातू अशोक टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. दुभंगलेले घर तीन पिढ्या शब्दांनी सांधले गेले.

माझ्या आजीचा हरिपाठ माझ्या वडिलांना येत असे. मला निम्मा येतो. माझ्या मुलांना मी तो कधी म्हणून दाखवला नाही. बँकेतून यायला उशीर होई, असे कारण मी स्वतःला देत आलो. तोरणमाळच्या त्या शिक्षकालाही दिवसभराचे काम होतेच. तरी दिवा लागताच तो येऊन बसला होता. शेवटच्या पदाला धाकटी मुलगी पेंगुळली. हातातला टाळ मात्र तिने सोडला नव्हता, आणि आजीही तो सोडवून घ्यायच्या घाईत नव्हती.