दोर्नकलचे बिशप अझरय्या

भारतातील अँग्लिकन चर्चचा पहिला धर्मप्रांत १८१४ साली कलकत्त्यात स्थापन झाला. धर्मगुरूंना दीक्षा देणे आणि प्रांतातील चर्चे व शाळा यांवर देखरेख ठेवणे हे बिशपचे काम. मात्र हा अधिकार त्यानंतर सुमारे शतकभर युरोपीयांच्याच हाती राहिला. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये वेदनायगम सॅम्युएल अझरय्या यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला आणि ही प्रथा मोडली.

अझरय्या यांचा जन्म १८७४ साली तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविळै या खेड्यात, एका धर्मगुरूच्या घरी झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर त्यांनी अनेक वर्षे वाय.एम.सी.ए.चे काम केले. धर्मकार्याचा खर्च आणि मनुष्यबळ भारतीयांनीच उभे करावे, या विचाराने १९०३ साली तिरुनेलवेलीत भारतीय मिशनरी संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९०९ साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन ते निजामाच्या राज्यातील दोर्नकल येथे गेले. मातृभाषा तमिळ असलेल्या अझरय्यांना तेथे तेलुगू शिकावी लागली.

१९१० च्या एडिंबरा परिषदेत त्यांनी युरोपीय मिशनरी आणि भारतीय सहकारी यांच्यातील दुराव्यावर स्पष्टपणे बोट ठेवले. मिशनरी त्याग करतात, पण भारतीयांना बरोबरीचे मित्र मानत नाहीत, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सभागृहातील अनेकांना तो रुचला नाही. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी मात्र त्यांची पाठराखण केली आणि बिशपपदासाठीही त्यांचाच आग्रह धरला. या नेमणुकीला युरोपीयांप्रमाणे काही भारतीय ख्रिस्ती लोकांचाही विरोध होता, हे विशेष.

सुरुवातीला लहान असलेला दोर्नकल धर्मप्रांत पुढे बराच विस्तारला. तेथील ख्रिस्ती समाज मुख्यतः माला व मादिगा या दलित जातींचा होता. बिशप बैलगाडीतून गावोगाव फिरत. पत्नी अंबू यांची त्यांना या कार्यात मोलाची साथ लाभली. ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. सामूहिक धर्मांतराच्या प्रश्नावर मात्र गांधीजींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले.

भारतीय वास्तुशैलींचा मेळ घालणारे दोर्नकलचे कॅथेड्रल १९३९ साली पूर्ण झाले. १ जानेवारी १९४५ रोजी अझरय्या यांचे निधन झाले. तोपर्यंतच्या ३२ वर्षांत दुसऱ्या कोणत्याही भारतीयाकडे अँग्लिकन धर्मप्रांताची सूत्रे आली नव्हती. ज्या चर्च-ऐक्यासाठी १९१९ च्या तरंगंबाडी परिषदेपासून ते झटले, ते सप्टेंबर १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाच्या रूपाने साकारले. दोर्नकल आज त्याच चर्चचा एक धर्मप्रांत आहे.