सर्वांसाठी दवाखाना : अनायरिन बेव्हन



घरातले कोणी अचानक आजारी पडले की मोठ्यांच्या चेहऱ्यावर दोन काळज्या दिसतात. एक आजाराची आणि दुसरी बिलाची. ही दुसरी काळजी ज्याची त्याने वाहायची की साऱ्या देशाने मिळून, हा वाद अनेक देशांत आजही चालू आहे. ब्रिटनमध्ये हा वाद ज्यांनी तडीस नेला, त्या अनायरिन बेव्हन यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी वेल्समधील ट्रेडीगर या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील खाणकामगार होते. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा बेताचा. अनायरिन बोलताना अडखळत असे, त्यामुळे शाळेत त्याचे मन रमले नाही. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो खाणीत कामाला लागला. वाचनाची गोडी मात्र सुटली नाही. कामगारांनी चालवलेल्या वाचनालयातली पुस्तके त्याने झपाट्याने वाचून काढली. एखादा शब्द जिभेवर अडला की त्याच अर्थाचा दुसरा शब्द तयार असावा म्हणून त्याने शब्दसंग्रह वाढवला. हाच मुलगा पुढे पार्लमेंटमधला नामांकित वक्ता झाला!

१९२५ मध्ये त्यांचे वडील फुफ्फुसाच्या विकाराने वारले. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने हा रोग होतो. पण त्या काळच्या कायद्याने तो कामामुळे होणारा रोग मानला जात नव्हता, म्हणून कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. ही गोष्ट बेव्हन कधी विसरले नाहीत.

त्यांच्या गावात एक चांगली सोयही होती. ट्रेडीगरचे कामगार आठवड्याच्या पगारातून थोडे पेनी एका वैद्यकीय मदत संस्थेत भरत आणि त्यातून कामगारांना व त्यांच्या घरच्यांना डॉक्टर, औषध मिळे. देशात इतरत्र १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळत असे, पण त्याच्या बायकोमुलांना नाही. तेव्हा ट्रेडीगरला जमले ते साऱ्या देशाला का जमू नये, हा प्रश्न बेव्हन यांच्यापुढे होता.

१९२९ मध्ये ते एबू व्हेल मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे पार्लमेंटमध्ये निवडून आले आणि शेवटपर्यंत त्याच जागेवर राहिले. १९४५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला मोठे बहुमत मिळाले आणि पंतप्रधान ॲटली यांनी त्यांना आरोग्यमंत्री केले. राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा १९४६ मध्ये झाला. खर्च मुख्यतः करांतून करायचा आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे त्याचे सूत्र होते.

विरोध फार झाला. हुजूर पक्षाने विधेयकाविरुद्ध मतदान केले. सर्वांना उपचार मिळावेत हे त्या पक्षालाही मान्य होते, पण देणग्यांवर उभी राहिलेली इस्पितळे सरकारने ताब्यात घेणे त्याला पसंत नव्हते. बेव्हन यांच्याच मंत्रिमंडळातील हर्बर्ट मॉरिसन यांना इस्पितळे नगरपालिकांकडेच राहावीत असे वाटे. डॉक्टरांना भीती होती की आपण सरकारी पगारी नोकर होऊ. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा मत दिलेल्या दर दहांपैकी जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात होते.

इथे बेव्हन यांनी शहाणपण दाखवले. तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली आणि घरोघरीच्या डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही, अशी कायद्यात हमी दिली. रुग्णाला मोफत उपचार या मुद्द्यावर मात्र ते मागे हटले नाहीत. ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. मँचेस्टरजवळच्या इस्पितळात बेव्हन यांनी भेटलेली या सेवेची पहिली रुग्ण तेरा वर्षांची मुलगी होती. वडीलधाऱ्यांनी एक गोष्टही लक्षात घ्यावी. आदल्याच दिवशीच्या भाषणात बेव्हन यांनी विरोधकांबद्दल फार कठोर शब्द वापरले आणि ते त्यांच्या पक्षाला बरेच दिवस भोवले. जिभेवर मिळवलेली हुकमत रागाच्या भरात सुटली ती अशी.

वाद तिथेच संपला नाही. चष्मे आणि कवळ्यांची मागणी अंदाजापेक्षा कितीतरी वाढली. १९५१ मध्ये त्यांच्याच सरकारने या वस्तूंचा काही खर्च रुग्णांवर टाकला, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खर्चाला मर्यादा हवी, हे सरकारचे म्हणणे होते. एकदा पैसे घ्यायला लागलो की तत्त्वच गेले, हे बेव्हन यांचे. पुढे सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाने काही शुल्के वाढवली, पण सेवा मोडली नाही. ६ जुलै १९६० रोजी बेव्हन यांचे कर्करोगाने निधन झाले.

आपल्या देशातही १९४६ मध्येच सर जोसेफ भोर यांच्या समितीने, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, अशी शिफारस केली होती. ती पुरी कशी करायची, याची चर्चा आपल्याकडे अजून चालूच आहे.

वर्गणीचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. गाव सोडून दूर स्थायिक झालेल्या आपल्या वाडवडिलांनी शाळा, वाचनालये आणि गणेशोत्सव वर्गणीवरच उभे केले. ट्रेडीगरच्या कामगारांनी तशाच वर्गणीतून डॉक्टर मिळवला आणि त्यांच्यातल्या एकाने ती रीत साऱ्या देशाला लावली. मुलांनो, सर्वांना मोफत उपचार द्यावेत का आणि त्याचा खर्च कोणी करावा, यावर दोन्ही बाजू मांडून वर्गात जरूर चर्चा करा. मात्र बोलताना बेव्हन यांची तळमळ घ्या, त्यांचा राग नको.