कचेरीतला एस्टिमेटर ते निजामाचा फोटोग्राफर: लाला दीनदयाळ

५ जुलै हा लाला दीनदयाळ यांचा स्मृतिदिन. १९०५ साली ते गेले. त्या काळातला देशातला सगळ्यात नावाजलेला भारतीय फोटोग्राफर आधी सरकारी कचेरीत अंदाजपत्रकं करत होता, आणि ती कचेरी आपल्या इंदूरची होती, हे आजही फार थोड्यांना माहीत असतं.

यंदा त्यांची आठवण निघाली ती एक्स-रे फिल्ममुळे. ओळखीतले एक गृहस्थ एक्स-रे विभागात नोकरी करून निवृत्त झाले. सगळीकडे डिजिटल मशीन आल्यावर फिल्मची एक पेटी त्यांच्याकडे तशीच उरली होती. वडिलांचा जुना लाकडी कॅमेरा माळ्यावर होता. भाता असलेला, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. त्यांनी त्यात एक्स-रे फिल्म घातली आणि घरच्यांचा फोटो काढला.

हा उद्योग जगभर बरेच हौशी लोक करतात. कारण साधं आहे, पैसा. मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म फार महाग पडते. एक्स-रेची फिल्म त्यामानाने स्वस्त, आणि आठ बाय दहा इंचांसारख्या मोठ्या मापात मिळते. अडचणीही आहेत. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी मसाला लावलेला असतो, त्यामुळे धुताना जरा हात चुकला की ओरखडा पडतो. पण एक सोय आहे. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्यात तिचं काम करता येतं. फोटोत मात्र काकूंचं कुंकू काळं आलं आणि निळं आकाश पांढरंफटक.

तो फोटो बघून सगळ्यांना जुना अल्बमच आठवला. ते बरोबरच आहे. दीनदयाळ यांच्या काळातल्या काचेलाही लाल दिसत नव्हतं. तिला मुख्यतः निळा प्रकाश कळायचा.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना इथला. घराणं जैन, धंदा सराफीचा. पण मुलगा दुकानावर बसला नाही. रुरकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत लागला. हुद्दा हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन. कुठल्या कामाला किती चुना, किती दगड, किती मजुरी याचा अंदाज काढायचा आणि नकाशे आखायचे. ऐन बावीस-तेविसाव्या वर्षी कायमची सरकारी नोकरी. त्या काळात याहून जास्त कोणी काय मागावं?

फोटोचा नाद लागला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. होळकर महाराज दुसरे तुकोजीराव यांनी त्यांना पाठबळ दिलं. मध्य भारताचे एजंट सर हेन्री डॅली यांच्याशी ओळख झाली. इंदूरचं डॅली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे साहेब. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या दौऱ्याचेही फोटो दीनदयाळ यांनी काढले. नोकरी चालूच होती. सकाळी अंदाजपत्रक आणि उरलेल्या वेळात कॅमेरा, असा तो संसार.

आता हे काम किती अवघड होतं ते समजून घ्यायला हवं. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय व्यवहारात नव्हती. काच कागदावर ठेवायची आणि उन्हात छापायची. म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर काच मोठी, आणि काच मोठी तर कॅमेराही पेटाऱ्याएवढा. शिवाय ओल्या काचेची पद्धत. अंधारात काचेवर मसाला ओतायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. जंगलात, किल्ल्यावर जिथे जाल तिथे अंधाराचा तंबू, औषधाच्या बाटल्या आणि पाणी सोबत. पुढे तयार कोरड्या काचा आल्या आणि ही धावपळ संपली. पण वजन तेच राहिलं आणि फुटायची भीतीही तीच राहिली.

अशा सरंजामानिशी १८८२ मध्ये ते सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहो, ओरछा, दतिया, सांची. त्यातून १८८६ मध्ये मध्य भारतातल्या वास्तूंचं मोठं पुस्तक निघालं. हे फोटो आज पाहिले तरी बांधकाम खात्याचा माणूस ओळखू येतो. खांब सरळ, कमान मधोमध, पायरी न् पायरी मोजता येईल इतकी स्पष्ट. दगडाचा अंदाज काढणारी नजर वाया गेली नव्हती.

आणि मग त्यांनी तो निर्णय घेतला. आधी मोठी रजा काढली आणि पुढे नोकरीच सोडली. वय चाळिशीचं. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला इथे थांबावंसं वाटतं. दरमहा येणारा पगार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काचा, औषधं, कागद, हाताखालच्या माणसांचे पगार आणि गिऱ्हाईक कोण, तर राजेरजवाडे आणि साहेब लोक. त्यांची मर्जी फिरली की धंदा बसला. अंदाजपत्रकं करण्यात हयात गेलेल्या माणसाला हा धोका कळला नसेल असं नाही. कळूनच त्यांनी तो घेतला.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. सिकंदराबादेत स्टुडिओ झाला. १८९२ मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन बायकांसाठी स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. १८९६ मध्ये मुंबईत शाखा निघाली. व्हिक्टोरिया राणीचीही नेमणूक मिळाली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वारंगळकडे वाघ मारला, तो प्रसिद्ध फोटो दीनदयाळ यांचाच.

पण निजामाच्या राज्यात नुसते महाल आणि शिकारी नव्हत्या. आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. वेरूळची लेणी, दौलताबाद हे सगळं त्यांच्या काचेवर आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळातली औरंगाबादकडची हाडांचे सापळे झालेली माणसंही आली. ज्या कॅमेऱ्यासमोर निजाम बसले, त्याच कॅमेऱ्यासमोर ही माणसं बसली, आणि दोघेही तितकेच स्वच्छ दिसतात.

१९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला. पुढच्याच वर्षी दीनदयाळ गेले. दुसरा मुलगा ज्ञानचंद यांनी धंदा सांभाळला, पण ते पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये त्यांच्या २८५७ काचा विकत घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. तीस वर्षांच्या कामाच्या मानाने २८५७ हा आकडा थोडाच. पण त्या काचा आहेत म्हणून ते इंदूर, ते ग्वाल्हेर, तो मराठवाडा आज डोळ्यांनी बघता येतो.

आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या वाड्यांत, बंद पडलेल्या स्टुडिओत अशा काचा कुठल्या तरी पेटीत पडून असतील. घर आवरताना त्या भंगारात देऊ नका. काच उभी ठेवा, कडेला धरा, पाणी लावू नका, आणि एकदा उजेडासमोर धरून बघा. उलट्या रंगात का होईना, कोणीतरी आपल्याकडे बघत असेल.