अंधारातील सूर्यस्तवन

असिसीचे संत फ्रान्सिस म्हटले की पाखरांना उपदेश करणारा साधू डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्र गोड आहे, पण अपुरे. कापडव्यापाऱ्याच्या या पुत्राने सर्वस्व त्यागले आणि पुढे पुष्कळ काळ गुहांत व डोंगरांवर एकान्तप्रार्थनेत घालविला.

१२२५ साली ते सान दामियानो येथे आजारी पडून होते. नेत्ररोगामुळे त्यांना दिवसाचा उजेड सोसवेना, रात्री विस्तवाचाही नाही. झोपडीत उंदरांचा उच्छाद. त्या अंधारात त्यांनी सूर्याला बंधू आणि पाण्याला भगिनी म्हणणारे स्तवन रचले, तेही लॅटिनऐवजी उंब्रियाच्या बोलीत. त्यातील ‘पेर’ या इवल्याशा शब्दापाशी भाषांतरकाराला थबकावे लागते. देवाची स्तुती सृष्टीबद्दल, की सृष्टीद्वारे? पंडितांत मतभेद आहेत. मला दुसरा अर्थ पटतो. ज्यांना सूर्याकडे पाहवत नव्हते, त्यांनी सूर्य आपल्या निर्माणकर्त्याची स्तुती करीतच आहे हे ओळखले होते.

पुढे वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने त्यांना गालापासून भुवईपर्यंत डाग दिला, तेव्हा त्यांनी अग्निबंधूला सौम्य होण्याची विनंती केली. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांनी देह ठेवला. अंतकाळी आपल्याला उघड्या जमिनीवर निजवावे, असे त्यांनी सांगितले होते. तोवर त्या स्तवनात मृत्यूलाही भगिनी म्हणून स्थान मिळाले होते.